एनसीसी स्पेशल एन्ट्री : अर्जापासून रुजू होण्याच्या पत्रापर्यंत

'सी' सर्टिफिकेट, म्हणजे एनसीसीचे सर्वांत वरचे प्रमाणपत्र, हातात असले की लष्करात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षा द्यावी लागत नाही, हे एनसीसीतल्या प्रत्येक कॅडेटने परेडच्या मैदानावर कधी ना कधी ऐकलेले असते. त्यापुढे काय काय करावे लागते, कोणता कागद कुठून आणावा लागतो आणि मधले महिने कसे काढावे लागतात, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मार्च २०२५ च्या अखेरीस, चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत म्हणजे ओटीएत रुजू होण्याचे पत्र आल्यानंतर आणि निघण्यापूर्वी, मी हे लिहून ठेवते आहे. माझ्यासारखीच, महाविद्यालय संपवून नोकरीला लागलेली आणि एनसीसीचा गणवेश परत करून बराच काळ लोटलेली एखादी मुलगी मुंबईत असेल, तर तिला याचा उपयोग व्हावा.

लेखी परीक्षेशिवायची ही योजना थोडक्यात सांगते. एनसीसी स्पेशल एन्ट्रीसाठी वय १९ ते २५ वर्षे, पदवीला किमान ५० टक्के, 'सी' सर्टिफिकेटला किमान 'बी' ग्रेड आणि उमेदवार अविवाहित असणे आवश्यक असते. जाहिरात वर्षातून दोनदा भारतीय लष्कराच्या भरतीच्या संकेतस्थळावर येते. एप्रिल २०२५ मध्ये सुरू होणाऱ्या ५७ व्या अभ्यासक्रमाची जाहिरात जुलै २०२४ मध्ये आली. त्यात एकूण ७६ जागा होत्या. त्यांपैकी मुलींसाठी सहा, आणि त्यातलीही एक युद्धात वीरगती प्राप्त झालेल्या किंवा जखमी झालेल्या सैनिकांच्या मुलींसाठी राखीव. म्हणजे माझ्यासारखीसाठी संपूर्ण देशातून पाच. हा आकडा वाचून अर्जच न भरणाऱ्या दोघीजणी माझ्या ओळखीच्या आहेत. मला वाटते, हा आकडा एकदा वाचावा आणि मग बाजूला ठेवावा, कारण तो आपल्या हातात नसतो.

अर्ज ऑनलाइन असतो आणि तो भरायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो नावाला. दहावीच्या प्रमाणपत्रावर जसे नाव आहे तसेच अर्जात हवे असते. महाराष्ट्रात दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येते, पदवीच्या गुणपत्रिकेवर आईचे नावही जोडलेले असते आणि आधार कार्डावर स्वतःचे नाव आधी. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही, पण इतर राज्यांतून आलेल्या तपासनिसाला ही तीन वेगळी माणसे वाटू शकतात. मी अर्ज भरण्यापूर्वी आधार कार्डावरील नाव दहावीप्रमाणे करून घेतले आणि तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवले. ते पुढे दोन ठिकाणी मागितले गेले.

दुसरा कागद टक्केवारीचा. आमच्या गुणपत्रिकांवर श्रेणी आणि सीजीपीआय, म्हणजे सर्व सत्रांचा सरासरी श्रेणीगुण, असतो, अर्जात टक्के भरावे लागतात, आणि ते कोणत्या सूत्राने काढले याचे पत्र महाविद्यालयाच्या शिक्क्यासह सोबत लागते. महाविद्यालयाच्या कार्यालयात खिडकीपलीकडच्या काकांनी माझा अर्ज वाचून सांगितले, "असं पत्र आम्ही देत नाही, गुणपत्रिकेच्या मागे सगळं छापलेलं आहे." ते खरेही होते. शेवटी आमच्या एनसीसीच्या मॅडमनी मसुदा स्वतः टाइप करून दिला, उपप्राचार्यांनी त्यावर सही केली आणि पत्र मिळाले. मधे दोन आठवडे गेले. माझी सूचना अशी की अशा वेळी रिकाम्या हाताने जाऊन पत्र मागू नये. मसुदा, जाहिरातीतील संबंधित परिच्छेदाची प्रत आणि आपल्या गुणपत्रिका एकत्र टाचून द्याव्यात. सही करणाऱ्याला विचार करावा लागला नाही की सही लवकर होते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात अर्जांची मुदत संपली आणि शारीरिक तयारी गंभीरपणे सुरू झाली. आपण कॅडेट होतो, कॅम्प केलेले आहेत, त्यामुळे शरीर तयारच असेल, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात एनसीसीने जे दिलेले असते त्यातले पहाटे उठणे, कपडे आणि बूट नीट ठेवणे आणि उन्हात तक्रार न करता उभे राहणे एवढे टिकते. दम मात्र नोकरीच्या खुर्चीत वर्षभरात जातो. जाहिरातीत मुलींसाठी अकादमीत येतानाची अपेक्षा स्पष्ट दिलेली होती : २.४ किलोमीटर धावणे १३ मिनिटांत, १५ पुशअप्स, २ पुलअप्स, २५ सिटअप्स, शिवाय स्क्वॉट्स, लंजेस आणि पोहण्याची प्राथमिक ओळख. मुलांसाठी धावण्याची वेळ साडेदहा मिनिटे, पुशअप्स ४० आणि पुलअप्स ६.

मी परळला राहते, त्यामुळे धावायला शिवाजी पार्क. कठड्याला लागून एक फेरी साधारण सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर भरते, तेव्हा दोन फेऱ्या म्हणजे जवळजवळ आपली परीक्षा. ऑगस्टमधल्या पहिल्या मोजणीत मला सोळा मिनिटांहून अधिक लागली. फुटपाथवर धावून नडग्या दुखू लागल्या, म्हणून पाऊस ओसरेपर्यंत वेग वाढवण्याचा नाद सोडून मी फक्त अंतर वाढवले आणि चिखल वाळल्यावर मातीतून धावू लागले. गणेशोत्सवात लालबाग-परळ भागात पहाटेसुद्धा रस्ता मोकळा मिळत नाही. ते दिवस मी घरच्या जिन्यावर काढले. ऑक्टोबरच्या मध्यावर वेळ तेरा मिनिटांच्या खाली आली.

पुलअप हा निराळा विषय आहे. मला एकही येत नव्हता. शिवाजी पार्कातच समर्थ व्यायाम मंदिराच्या मुली दोरीवरचा मल्लखांब करताना दिसतात. त्यांच्यातल्या एकीने मला सांगितले की आधी नुसते लोंबकळायला शिक, मनगटे आणि पंजे तयार होऊ देत. मग बाकावर उभे राहून हनुवटी दांड्याच्या वर न्यायची आणि मनात दहा मोजत सावकाश खाली यायचे, एवढेच मी आठवडेच्या आठवडे केले. तळहाताची कातडी दोनदा सोलून निघाली. खाली येण्यावर ताबा आल्यावर एके दिवशी वर जाणेही जमले, आणि त्यात काही विशेष घडल्यासारखे वाटलेच नाही. पोहण्यासाठी दादरच्या महात्मा गांधी जलतरण तलावात महिलांच्या वेळेत नाव घातले. महापालिकेच्या तलावांचे प्रवेश ऑनलाइन असतात, जागा लवकर भरतात आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, तेव्हा हे काम अर्जाच्याही आधी करावे.

जिम किंवा प्रशिक्षक यांवर मी खर्च केला नाही. धावण्याचे बूट साडेतीन हजारांचे घेतले, आणि ते चांगलेच घ्यावेत.

सप्टेंबरच्या अखेरीस शॉर्टलिस्ट झाल्याचा ईमेल आला आणि एसएसबी म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या, अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीसाठी भोपाळचे केंद्र मिळाले. तारीख आपणच संकेतस्थळावर निवडायची असते आणि जो आधी येईल त्याला ती मिळते, म्हणून ईमेल आणि संकेतस्थळ दोन्हींवर रोज नजर ठेवावी. मी दिवाळीनंतरच्या आठवड्यातली तारीख घेतली.

मधल्या काळात मला जी सर्वांत मोलाची मदत झाली ती फार थोड्या मुंबईकरांना माहीत असते. नाशिकरोडला राज्य शासनाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे एसएसबीच्या तयारीचा दहा दिवसांचा वर्ग होतो आणि त्यात निवास, भोजन व प्रशिक्षण पूर्णपणे विनामूल्य असते. त्यासाठी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात मुलाखतीला जावे लागते आणि पात्रतेपैकी कोणतेही एक प्रमाणपत्र दाखवावे लागते; एनसीसीवाल्यांसाठी 'सी' सर्टिफिकेट आणि एनसीसीच्या ग्रुप हेडक्वार्टरची शिफारस. खासगी वर्गांच्या फीचे आकडे ऐकून मी आधीच थबकले होते, त्यामुळे या केंद्राची माहिती मिळताच संध्याकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली असे म्हणायला हरकत नाही. प्रत्यक्षात नोकरीतली रजा मंजूर करून घेणे हाच त्यातला कठीण भाग होता.

नाशिकला मला सर्वांत जास्त फायदा झाला तो मैदानावर. गटाला एक फळी, एक बल्ली म्हणजे लांब लाकडी वासा आणि एक दोर मिळतो आणि अडथळ्यांच्या मधल्या जमिनीला न टेकता सगळ्यांना सामानासकट पलीकडे जायचे असते. लाल रंगाच्या भागाला ना माणसाचा स्पर्श व्हायचा, ना सामानाचा. मी एनसीसीत सीनियर अंडर ऑफिसर, म्हणजे कॅडेटच्या सर्वांत वरच्या हुद्द्यावर, होते, त्यामुळे हुकूम देण्याचा आवाज घशात तयारच असतो. पहिल्या दिवशी आमच्या गटात तीन माजी अंडर ऑफिसर होते आणि तिघेही एकाच वेळी आज्ञा देत असल्याने फळी अर्धा तास तिथेच राहिली. शिकवणाऱ्या सरांनी आम्हाला रागावले नाही, त्यांनी फक्त विचारले, "फळी धरून कोण उभं आहे, ते तुमच्यापैकी कोणी पाहिलंत का?" ती धरून एक सडपातळ मुलगा उभा होता, त्याच्याकडे चांगली कल्पनाही होती आणि त्याला कोणी विचारले नव्हते. परेडमध्ये आज्ञा देणाऱ्याचा हुद्दा आधीच ठरलेला असतो. इथे कोणाला हुद्दा नसतो, आणि माजी कॅडेटला नेमकी हीच सवय मोडावी लागते. माझ्या मते एनसीसीवाल्यांनी तयारीचा निम्मा वेळ यावर घालवावा.

लेखी मानसशास्त्रीय चाचण्यांसाठी सांगण्यासारखे इतकेच की हाताने भरभर लिहिण्याचा सराव हवा. साठ शब्द, प्रत्येकावर एक वाक्य लिहायला पंधरा सेकंद. साठ प्रसंग, त्यांत आपण काय करू ते लिहायला एकूण अर्धा तास. चित्र तीस सेकंद पाहून चार मिनिटांत गोष्ट, अशी एकामागून एक बारा, त्यातली शेवटची कोऱ्या पडद्यावर. संगणकावर काम करणाऱ्या माणसाची बोटे अर्ध्यातच आखडतात. पाठ केलेल्या गोष्टी तिथे लिहू नयेत, हे सगळेच सांगतात. शिवाय एवढ्या वेगात त्या आठवतही नाहीत.

नोव्हेंबरमध्ये सीएसएमटीहून पंजाब मेलने भोपाळला गेले. थर्ड एसीचे तिकीट बाराशेच्या आसपास पडले. या प्रकारच्या एन्ट्रीसाठी पहिल्यांदाच बोलावले असेल तर हे भाडे परत मिळते, मात्र तिकिटाची छापील प्रत जपावी लागते. स्टेशनवरून आम्हाला नेण्यात आले, कागद तपासले गेले, छातीवर लावायचा क्रमांक मिळाला आणि पुढचे दिवस त्याच क्रमांकाने हाक ऐकली.

पहिल्या दिवशी बुद्धिमापन चाचणी आणि चित्रावरून गोष्ट व चर्चा होते, आणि दुपारी निकाल लागून मोठा गट त्याच दिवशी घरी जातो. माझ्या शेजारी बसलेली नागपूरची मुलगी, जिने बोलायला माझ्यापेक्षा चांगली सुरुवात केली होती, ती गेली आणि मी राहिले. यामागचे कारण आपल्याला कळत नाही आणि ते शोधत बसू नये. उरलेल्यांच्या पुढच्या चाचण्या होतात. वैयक्तिक अडथळ्यांत तीन मिनिटांत दहा अडथळे असतात. मला सगळे झाले नाहीत. मुलाखत आपण पहिल्या दिवशी भरलेल्या माहितीपत्रकावरच चालते. मला विषय एनसीसीचा निघाला. किती कॅम्प केलेस हे विचारून झाल्यावर दहा दिवसांच्या कॅम्पमध्ये स्वयंपाकघराची जबाबदारी तुझ्यावर असती तर पाणी, सरपण, पाळ्या यांची आखणी कशी केली असतीस, हे विचारले. एनसीसी कायदा १९४८ चा, ब्रीद 'एकता और अनुशासन' ही माहिती यायलाच हवी, पण त्यावर कोणी फार वेळ घालवत नाही. आपण प्रत्यक्ष केलेल्या कामाचे तपशील मात्र आठवून ठेवावेत. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातले. साधे, सरळ इंग्रजी बोलल्याने माझे काही अडले नाही.

शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स. सगळे परीक्षक समोर, आपण एका खुर्चीत, दोन-तीन साधे प्रश्न. त्यानंतर क्रमांक पुकारले जातात. माझा क्रमांक उच्चारला गेला तेव्हा आनंदाच्या आधी मला वैद्यकीय तपासणीची काळजी वाटली, कारण नाशिकच्या सरांनी सांगितले होते की खरी गळती तिथे होते.

मी जाण्यापूर्वी नायर दंत महाविद्यालयात जाऊन दोन किडलेले दात भरून घेतले होते आणि कानाच्या डॉक्टरांकडून मळ काढून घेतला होता. दातांसाठी किमान चौदा डेंटल पॉइंट्स, म्हणजे चांगल्या दातांना मिळणारे गुण, लागतात आणि कानातला मळ हे अगदी क्षुल्लक कारणही तात्पुरते अपात्र ठरवायला पुरते. या दोन्ही गोष्टी मुंबईत थोड्या पैशांत होतात. माझे अडले ते नाकात. लष्करी रुग्णालयातील तपासणीत नाकाचा मधला पडदा एका बाजूला वळलेला असल्याचे निदान झाले. मला जन्मात कधी त्याचा त्रास झाला नव्हता. तात्पुरते अपात्र, आणि अपील वैद्यकीय मंडळापुढे जाण्यासाठी ४२ दिवसांची मुदत.

त्या रात्री आई म्हणाली, "नाक सरळ नाही म्हणून कोणी मुलीला नाकारतं का?" मी हसले, पण झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मनात हिशेब मांडला : शस्त्रक्रिया लवकरात लवकर, बरे होण्यास तीन-चार आठवडे, आणि मुदत संपायच्या आत अपील. खासगी रुग्णालयाने साठ हजारांचा अंदाज दिला. नोकरीतल्या गटविम्यातून त्यातला बहुतेक खर्च भागला आणि मला पंधरा हजारांच्या आसपास घालावे लागले. ज्यांना विमा नाही त्यांनी महापालिकेच्या रुग्णालयात आधी चौकशी करावी, फक्त तिथे तारीख मिळायला लागणारा वेळ ४२ दिवसांत बसतो का ते विचारावे. डिस्चार्जचा कागद आणि शस्त्रक्रियेचा तपशील अपिलाच्या वेळी सोबत लागतो. अपील पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये झाले. डिसेंबरच्या अखेरीस पात्र ठरले.

इथून पुढचा काळ मला सर्वांत जड गेला. एसएसबीने शिफारस केली आहे, शरीर पात्र आहे, आणि तरीही काहीही ठरलेले नाही, कारण अखेर गुणानुक्रमाची यादी लागते आणि जागा तेवढ्याच. जानेवारी आणि फेब्रुवारीत मी नोकरी चालू ठेवली, राजीनाम्याचा विषय काढला नाही आणि शस्त्रक्रियेनंतर गेलेला दम पुन्हा भरून काढला. नातेवाइकांना सांगण्याची घाई करू नये, हे मात्र मनापासून सांगते. मावशीने एकदा विचारलेच, "दहा वर्षांनी परत आलीस की मग काय?" या एन्ट्रीतून मिळणारे शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक मुदतीची अधिकारीपदाची नेमणूक, दहा वर्षांचे, पुढे आणखी चार वर्षे वाढवता येणारे, आणि फेब्रुवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर स्त्रियांनाही कायम कमिशनचा मार्ग खुला झालेला आहे, एवढे उत्तर मी पाठ करून ठेवले होते.

मार्चमध्ये यादी लागली, नाव होते, आणि लगेच कागदांची दुसरी फेरी सुरू झाली. हमीपत्र मुद्रांकावर करायचे असते. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराच्या मुद्रांकाऐवजी पाचशेचा घ्यावा लागतो, तेव्हा जुन्या अनुभवी मंडळींच्या हिशेबावर जाऊ नये. त्या हमीपत्रात लिहिलेले असते की वैयक्तिक कारणाने प्रशिक्षण सोडल्यास त्याचा खर्च भरून द्यावा लागेल, आणि त्याखाली पालकाची सही लागते. बाबांनी नोटरीच्या टेबलापाशी उभे राहून प्रत्येक कलम बोट ठेवून वाचले, एका ठिकाणी थांबून नोटरींना अर्थ विचारला, मग मला म्हणाले, "तू वाचलं आहेस ना हे?" मी हो म्हटल्यावर त्यांनी सही केली. हे पत्र घाईत सही करून घेण्याचे नाही. घरच्यांना एक दिवस आधी वाचायला द्यावे. याशिवाय चारित्र्याचे प्रमाणपत्र, अविवाहित असल्याचे प्रमाणपत्र, बँक खाते व पॅनचा तपशील अशी यादी पत्रातच असते. प्रशिक्षण ४९ आठवड्यांचे आहे, त्या काळात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते, त्यामुळे घरून पैसे मागण्याची वेळ येत नाही. पण निघण्यापूर्वीची खरेदी मात्र स्वतःच्या खिशातून होते. माझी ती बावीस हजारांच्या आसपास गेली, त्यात औपचारिक कपडे आणि बूट यांचाच वाटा मोठा होता.

राजीनामा मी यादी लागल्यावर दिला. कंपनीने नोटिशीचा काळ कमी करून दिला. ते प्रत्येकाच्या बाबतीत होईलच असे नाही, म्हणून नेमणूकपत्रातली अट आधी वाचून ठेवावी. नवे बूट पायात बसण्यासाठी मी ते घरातच रोज दोन तास घालून फिरते आहे. केस किती लांब ठेवायचे, कोणत्या रंगाचे मोजे, कुलपे किती, हे सगळे अकादमीच्या पत्रात असते आणि तेच प्रमाण मानावे. आधीच्या तुकडीतल्या मैत्रिणीने दिलेली यादी तिच्या वेळची असते. सर्व कागदांच्या तीन प्रती आणि पासपोर्ट आकाराचे वीस फोटो करून घ्यावेत, आणि मूळ कागद ट्रंकेत न भरता हातातल्या पिशवीत ठेवावेत, कारण तपासणीच्या टेबलापाशी ट्रंक उघडायला कोणी वेळ देत नाही.